विनीत : समस्त गावकरी मंडळी

जुन्या गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर हाती आलं की बहुतेक जण ते वरून खाली वाचतात. वर जाड ठशात शाहिराचं नाव, कधी लाल शाईत. त्याखाली फोटो, मग संच, मग वेळ आणि स्थळ. तळाशी बारीक अक्षरांत जे असतं तिथवर नजर क्वचित पोचते. माझं मत उलटं आहे. शाहिराचं नाव कॅसेटवर सापडेल, पुस्तकात सापडेल, त्याच्या चाहत्यांच्या तोंडी तर असतंच. पण त्या रात्री बिछायत कुणाची होती, भोंगा कुणी लावला, बायकांना बसायला वेगळी जागा होती का, वर्गणी कुणी फिरून जमवली, आणि ‘विनीत’ म्हणून कोणाकोणाची नावं छापली गेली, हे त्या कागदाच्या तळाशी सोडून दुसरीकडे बहुधा कुठंच लिहिलेलं नसतं. लोकगायकांची आणि चळवळीतल्या शाहिरांची पोस्टरं जमवायची असतील, तर ती या खालच्या अर्ध्या भागासाठी जमवावीत.

मुंबईतल्या शाहिरीचा इतिहास बराचसा लिहिला गेला आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याच्या आदल्या वर्षी ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेची स्थापना झाली, तिचं नगारा वाजवणाऱ्या माणसाचं बोधचिन्ह चित्रकार चित्तप्रसाद यांनी काढलं. या गोष्टी ग्रंथांत आहेत. आर्वीच्या चौकात एखाद्या उन्हाळ्यात कोण गाऊन गेलं, हे मात्र कोणत्याही ग्रंथात मिळायचं नाही. ते मिळालं तर एखाद्या घरच्या संदुकीच्या तळाशी अंथरलेल्या कागदावर.

आर्वीची जागाही अशी आहे की इथून गाणाऱ्यांच्या वाटा गेल्याच पाहिजेत. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या पुलगावहून आर्वीपर्यंतची अरुंद रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली, ती याच कापसासाठी. दूरहून रेल्वेनं यायचं तर पुलगावला उतरून या छोट्या गाडीत बसायचं, ही सरळ वाट होती. गावाच्या पश्चिमेला वर्धा नदी, आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. तिथं वरखेडला आडकोजी महाराज होऊन गेले, आणि मोझरीला त्यांच्या शिष्यानं, तुकडोजी महाराजांनी, १९३५ साली गुरुकुंज आश्रम काढला. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्ह्यातच सेवाग्राम. हंगाम संपून शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले की गावोगाव भजन, दंडार, खडी गंमत, कव्वाली यांचे फड रंगत. त्यांची जाहिरात छापायला तालुक्याच्या गावातला छापखाना.

इथं एक शंका हमखास निघते. निषेधाचं गाणं म्हटलं की डोळ्यांपुढे डफ आणि लाल झेंडा येतो. मग तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन या संग्रहात कशाला? उत्तर १९४२ मध्ये आहे. १६ ऑगस्टला एकाच दिवशी चिमूर आणि आष्टी पेटली. आष्टी त्या वेळी आर्वी तहसिलीतच होती. आज ती वेगळा तालुका आहे आणि लोक तिला आष्टी शहीद म्हणतात. महाराजांच्या भजनांनी लोक चेतले, असं सरकारचं म्हणणं होतं. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपूरला अटक झाली, नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सोडलं. एका साध्या खंजिरीची धास्ती ज्या सरकारला वाटली, त्यानं ते गाणं कोणत्या खान्यात घातलं असेल हे वेगळं सांगायला नको. विदर्भात भक्तीचं आणि बंडाचं वाद्य पुष्कळदा एकच राहिलेलं आहे. संग्राहकानं ते दोन फडताळांत वाटू नये.

दुसरा मोठा प्रवाह आंबेडकरी गाण्याचा. नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसे गाजवले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हयातभर गाणं घेऊन महाराष्ट्रभर फिरले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या आसपासच्या गावोगावी भीमजयंतीची रात्र गाण्याशिवाय सरेना. विदर्भात या गाण्यानं कव्वालीचा अंगरखा घातला. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, पहाटेपर्यंत. पोस्टरवर ‘दुय्यम सामना’ असं छापलेलं असतं. नवख्याला वाटतं दुय्यम दर्जाचा कार्यक्रम दिसतो, पण ते फक्त दोन पार्ट्या असल्याचं सांगणं आहे. या पोस्टरांची मांडणीही सामन्यासारखीच असते. डावीकडे एक गायक, उजवीकडे दुसरा किंवा दुसरी, मधे उभी रेघ, आणि दोघांच्या नावांचा ठसा अगदी बरोबरीचा. ठसा लहानमोठा झाला तर कार्यक्रमाआधीच सामना सुरू व्हायचा.

ही पोस्टरं छापली कशी जायची, ते माहीत असल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत. तालुक्याच्या छापखान्यात साधारण एक ट्रेडल मशीन असे, पायानं किंवा मोटारीवर चालणारं. शिशाचे खिळे घरांत वाटून ठेवलेले. देवनागरीला काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार धरून शेकडो घरं लागतात, त्यामुळे कंपोझिटर हा त्या खोलीतला सर्वांत मोलाचा माणूस. मोठी अक्षरं मात्र शिशाची परवडत नाहीत, जडही होतात. ती लाकडाची असत. ‘भव्य’, ‘जाहीर’, ‘कार्यक्रम’ अशा नेहमीच्या शब्दांची लाकडी अक्षरं वर्षानुवर्षं वापरून कोपऱ्यांत झिजत, त्यांना चिरा पडत. ती चीर प्रत्येक छपाईत पांढऱ्या रेघेसारखी उमटते. दोन पोस्टरांवरच्या ‘भ’ला एकाच जागी तीच रेघ दिसली, तर दोन्ही एकाच छापखान्यातली, मग खाली प्रेसचं नाव फाटून गेलेलं असलं तरी चालेल. शिवाय चीर वाढत जाते. कोणतं पोस्टर आधीचं आणि कोणतं नंतरचं, हेही तीच सांगते.

फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे, तो शहरातून, आणि त्याला खर्च येई. म्हणून एकदा केलेला ब्लॉक टाकून देत नसत. तोच पुन्हापुन्हा वापरत. त्यामुळे फोटोतल्या चेहऱ्यावरून कार्यक्रमाचं साल ठरवू नये. गायक साठीला आला तरी पोस्टरवर त्याचे केस काळेच राहतात. रंगाची हौस भागवायची स्वस्त युक्तीही होती. शाईच्या तबकडीवर किंवा रोळावर एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी शाई लावायची. मधे दोन्ही मिसळून जांभळा पट्टा आपोआप उमटतो. एकाच छपाईत तीन रंग. तमाशाच्या आणि नाटकांच्या पोस्टरांवर ही करामत सर्रास दिसते. नाही तर कागदच रंगीत घ्यायचा, गुलाबी, पिवळा, पोपटी, आणि त्यावर काळी शाई. मशीनच्या चौकटीपेक्षा मोठं पोस्टर हवं असेल तर दोन तुकड्यांत छापून भिंतीवर जोडायचं. म्हणून कधी कधी नुसताच वरचा तुकडा सापडतो, आणि कार्यक्रम कुठं होता हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता सगळ्यात मजेचा भाग: साल कसं शोधायचं. पोस्टर आठ दिवसांसाठी छापलेलं असतं, त्यावर साल घालायची गरज कुणाला वाटत नाही. ‘रविवार दि. १४ एप्रिल, रात्री ठीक ९ वाजता’ एवढंच. समजा, आर्वीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाचा असा एक कागद सापडला. १९५० ते १९९० या काळात १४ एप्रिलला रविवार आला तो १९५७, १९६३, १९६८, १९७४ आणि १९८५ साली. पाच उमेदवार झाले. आता त्याच छापखान्याचं, त्याच चिरलेल्या अक्षरांचं, दुसरं एक पोस्टर मिळालं: हनुमान जयंतीच्या खंजिरी भजनाचं. त्यावरही रविवार १४ एप्रिलच आहे. भजन मंडळं तिथी छापतात, जयंती मंडळं तारीख, आणि दोन्ही एका दिवशी आल्या की संग्राहकाचं नशीब उघडतं. कारण हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेची. या पाच वर्षांपैकी १४ एप्रिलला ती फक्त १९५७ साली होती. १९६८ साली ती आदल्या दिवशीच झाली होती, १९६३ आणि १९७४ साली कित्येक दिवस आधी उरकली होती. तिथी आणि इंग्रजी तारीख यांची गाठ साधारण १९ वर्षांनी पुन्हा पडते, हे खरं. १९७६ सालीही १४ एप्रिललाच चैत्री पौर्णिमा होती. पण तेव्हा वार बुधवार होता. तिथी, तारीख आणि वार हे तिघं एकत्र सापडले की साल सहसा निसटत नाही. जुनी पंचांगं रद्दीत घालू नयेत ती एवढ्यासाठी.

आणि १९५७ निघालं तर त्या कागदाचं वजन काय होतं पाहा. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. म्हणजे ही त्यांच्या पश्चात आलेली पहिली जयंती, दीक्षेनंतरचीही पहिलीच. पोस्टरवर ‘जयंती’ शब्दाभोवती काय सजावट आहे, बुद्धाचं चित्र आहे का, खाली नावं कोणत्या पद्धतीनं लिहिली आहेत, मंडळानं स्वतःचं नाव बदललं आहे का, अशा सगळ्या गोष्टी मग इतिहासाचा पुरावा होतात. शाहीर कोण होता हा प्रश्न तिथं दुसऱ्या क्रमांकावर जातो.

पंचांग नसलं तर पैसे पाहावेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. तिकीट ‘चार आणे’ असेल तर त्याआधीचं किंवा त्या संधिकाळातलं, ‘२५ न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द सरकारी व्यवहारातून गेला. अर्थात लोकांच्या तोंडून आणे पुढे कैक वर्षं गेले नाहीत, त्यामुळे हा पुरावा एकटा टिकत नाही. पत्ता त्याहून भरवशाचा. १९५० पर्यंत आर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात, मग मध्य प्रदेशात; १ नोव्हेंबर १९५६ ला ती द्विभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एकाच छापखान्यानं एकही खिळा न हलवता चार राज्यं पाहिली. ‘आर्वी (म. प्र.)’ असं खाली छापलेलं दिसलं तर मध्य प्रदेशचा काळ म्हणून समजून घ्यावं, चुकीची छपाई म्हणून फेकू नये. पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

तुकडोजी महाराजांच्या बाबतीत एक मोठी खूण ११ ऑक्टोबर १९६८ ची. त्या शुक्रवारी, आश्विन वद्य पंचमीला, मोझरीला त्यांचं निर्वाण झालं. त्याआधीच्या पोस्टरवर ‘महाराजांचं भजन’ आहे; त्यानंतरच्या पोस्टरवर ‘पुण्यतिथी महोत्सव’, आणि गाणारी मंडळी गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांची. विशेष म्हणजे या नंतरच्या पोस्टरांतच खालचा भाग भरगच्च होत जातो. पूर्वी एक मोठं नाव वर असे आणि खाली ‘समस्त गावकरी’. महाराज गेल्यावर वरची जागा तसबिरीला मिळाली आणि खाली प्रत्येक गावच्या भजन मंडळाचं नाव, हार्मोनियम कोण, तबला कोण, खंजिरी कोण, असं सगळं येऊ लागलं. तळाच्या यादीत गाणाऱ्यांची नावं असणं ही लोकगायनाच्या अभ्यासकाला पर्वणीच.

तळाच्या ओळींतली शेवटची ओळ मुद्रकाची. ती तिथं हौसेनं आलेली नाही. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याच्या कलम ३ नं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. १८५७ च्या दहा वर्षांनंतर सरकारला कोणता कागद कुठून निघाला हे कळायला हवं होतं. सरकारनं पाळतीसाठी केलेली ही सोय पुढे संग्राहकाच्या कामी आली. उलट अर्थानंही ती बोलते. १९४२ च्या काळातलं एखादं पत्रक मुद्रकाच्या ओळीशिवाय असेल तर तो विसराळूपणा नसतो. सायक्लोस्टाइलवर रात्री काढलेल्या, नाव नसलेल्या अशा कागदाला अधिक जपावं.

परदेशात या छंदाचा बाजार केव्हाच उभा राहिला आहे. अमेरिकेत नॅशव्हिलचं हॅच शो प्रिंट १८७९ पासून लाकडी अक्षरांनी पोस्टरं छापतं, आणि आजही छापतं. बाल्टिमोरच्या ग्लोब पोस्टरचं लाकडी टाइपाचं भांडार २०११ साली तिथल्या कला महाविद्यालयानं घेतलं. विद्यार्थी त्यावर शिकतात. दोन्हींची कामं पाहिली तर आपल्या तालुक्याच्या छापखान्याशी नातं लगेच दिसतं, कारण लाकडी अक्षरांना भाषा बदलली तरी स्वभाव तोच असतो. बॉब डिलनचा ४ नोव्हेंबर १९६१ चा न्यूयॉर्कमधला कार्यक्रम इझी यंग नावाच्या माणसानं ठरवला होता. तो ‘फोकलोर सेंटर’ हे लोकसंगीताच्या पुस्तकांचं छोटं दुकान चालवी. तिकीट दोन डॉलर, प्रेक्षक पन्नासच्या आसपास. आज त्या कार्यक्रमाच्या पत्रकाला किंमत आहे ती डिलनमुळे, पण त्याच्या तळाशी जे दुकानाचं नाव आहे त्यातून साठच्या दशकातली ती सगळी गाणारी पिढी कुठं भेटत होती ते कळतं.

किमतीचं गणित विचित्र असतं. हँक विल्यम्स हा गायक १ जानेवारी १९५३ च्या कार्यक्रमाला जाताना मोटारीतच मरण पावला. जो कार्यक्रम झालाच नाही, त्याचं पोस्टर पुढे लिलावात दीड लाख डॉलरला गेलं. आपल्याकडे शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमात असतानाच गेले. त्या दिवसाची निमंत्रणपत्रिका कुणा घरात असेल तर ती लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात असण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे या कागदांना अजून बाजार नाही. मला यात वाईट काही वाटत नाही. बाजार आला की नकला येतात, चांगल्या नावाची पोस्टरं महागतात, आणि कोण्या खेड्यातल्या अनामिक भजन मंडळाचं पोस्टर पुन्हा रद्दीतच जातं.

पैशाच्या पलीकडचं उदाहरण बर्कलीच्या मायकेल रॉसमनचं. चळवळींची पोस्टरं तो खांबांवरून, सभांमधून, मित्रांच्या माळ्यावरून जमवत गेला. त्याच्या मृत्यूनंतर २४ हजारांवर पोस्टरं ओकलंडच्या संग्रहालयात गेली. आपल्याकडे दिल्लीच्या ‘जुबान’ या प्रकाशनसंस्थेनं स्त्री-चळवळीची पोस्टरं देशभरातून गोळा केली. ‘पोस्टर विमेन’ नावाचा तो संग्रह आहे. दोन्ही ठिकाणी एकटा कागद फारसं काही सांगत नाही. शेकड्यांनी शेजारी लावले की त्यांच्यात बोलणं सुरू होतं. एका तालुक्याची तीनशे पोस्टरं एका जागी आली तर कोणत्या गावात कोणत्या साली कोणत्या समाजानं स्वतःचा मंच उभा केला, याचा नकाशा काढता येईल. म्हणून नव्या संग्राहकाला माझा सल्ला, शाहीर निवडू नका, तालुका निवडा.

शोधायचं कुठं? भिंतीवर लागलेलं पोस्टर वाचत नाही. मैद्याच्या लईनं ते भिंतीशी एकजीव होतं, त्यावर दुसरं चढतं, मग पाऊस. वाचतात ती न लागलेली. छापखान्यात नमुन्याची प्रत खिळ्याला टोचून ठेवलेली असते. छापखाना बंद पडला तरी तो खिळा भिंतीत राहतो. भोंगेवाल्याकडे आणि बिछायत केंद्रात मिळतात, कारण त्यांचं नाव पोस्टरवर येतं आणि आपलं नाव कोण फेकतो? भजन मंडळाच्या पेटीच्या खोक्यात, गायकाच्या घरच्या संदुकीत, तसबिरीच्या मागे पुठ्ठ्याऐवजी, स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेली, शाळेच्या जुन्या वह्यांना कव्हर म्हणून घातलेली. या शेवटच्या जागेत पोस्टर उलटं घातलेलं असतं, कोरी बाजू बाहेर, त्यामुळे छपाई आतल्या अंगाला उत्तम टिकते. वहीच्या कव्हरासाठी कापताना मुलांनी वरचं मोठं नाव अर्ध्यात कापलेलं असतं आणि खालची नावं शाबूत असतात, यात मला तरी न्याय दिसतो.

जुन्याची नक्कल अजून फारशी होत नसली तरी एखाद्या जन्मशताब्दीला जुनं पोस्टर नव्यानं छापून वाटतात, आणि दहा वर्षांनी ते जुनं म्हणून फिरू लागतं. ओळखायला तीन गोष्टी पुरतात. खिळ्यांची छपाई कागदात रुतते. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव जाणवतो. ऑफसेटचा कागद मागून सपाट. भिंगाखाली ऑफसेटच्या रंगीत भागात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, खिळ्यांच्या ठोस रंगात ती नसते; उलट अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार होते. तिसरी गोष्ट नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी द्रव्यं साधारण १९५० नंतर कागदात आली. चाळीसच्या दशकातलं म्हणून मिळालेलं पोस्टर त्या दिव्याखाली निळसर पांढरं झळकलं तर ते परत करावं, भांडू नये.

सांभाळायचं म्हणाल तर आर्वीची हवा कागदाची वैरीण आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, जूनअखेर एकदम ओल. पोस्टरला सगळ्यात स्वस्त कागद लागे. त्यात लाकडाचा लगदा सगळ्या लिग्निनसकट असतो, आणि लिग्निन ऊन-हवेत पिवळं पडून आम्ल सोडतं. हा कागद स्वतःलाच आतून खातो. वर लई म्हणजे मैदा, कसरीचं आवडतं खाणं. सगळ्यात मोठा शत्रू मात्र माणसाचा उत्साह. लॅमिनेशन केलेलं पोस्टर गेलं म्हणून समजावं. उष्णतेनं चिकटलेलं ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतलं आम्ल आतच कोंडतं. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत झिरपतो. भिंतीवरून निघालेला तुकडा पाण्यात भिजत घालायचा मोह होतो, पण गुलाबी-पोपटी कागदाचा रंग कच्चा असतो, पाणी लागलं की फुटतो. आधी कोपऱ्यावर ओल्या कापसाचा एक ठिपका लावून पाहावा. फाटलेलं जोडायचं तर तांदळाच्या पातळ खळीनं, मागून, पातळ तंतुमय कागदाची पट्टी लावून. गुंडाळी करू नये, सपाट ठेवावं, दोन पोस्टरांमध्ये आम्लरहित कागद घालावा, पेटी जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असावी. चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायचं तर त्याची छायाप्रत लावा, मूळ अंधारात राहू द्या. निंबाचा पाला आणि वेखंड आपल्या आज्या वापरत होत्या; ते कापडाच्या पुरचुंडीत घालून ठेवायला हरकत नाही, कागदाला थेट लागू देऊ नये एवढंच.

मिळालेल्या कागदाबरोबर त्याची माहितीही उचलावी: कुणाच्या घरी मिळालं, कशाखाली होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या रात्रीचं काय आठवतं. पोस्टर ‘रात्री ठीक ९’ म्हणतं. म्हातारी सांगते, पार्टी साडेअकराला आली आणि तोवर गावचीच पोरं गात होती. ती पोरं पोस्टरवर नाहीत. हे तिथल्या तिथं लिहून ठेवलं नाही तर नंतर कुठून मिळणार? गायकाच्या कुटुंबाकडून मूळ कागद नेण्याऐवजी त्याचा चांगला फोटो काढावा आणि कागद त्यांच्याकडेच राहू द्यावा, हे मला अधिक बरं वाटतं. द्यायचाच म्हणाले तर एक मोठी प्रत छापून चौकटीत घालून त्यांना द्यावी. जुन्या पोस्टरांवर वस्त्यांची आणि जातींची नावं त्या काळच्या रिवाजानं छापलेली असतात. संग्रहात ती जशीच्या तशी राहावीत. चार लोकांसमोर मांडताना, त्या वस्तीत आजही माणसं राहतात हे ध्यानात ठेवावं.

ऐंशीच्या दशकात ऑफसेट आलं, ट्रेडल मशीन भंगारात गेली, लाकडी अक्षरं काही ठिकाणी चुलीत. मग फ्लेक्स. फ्लेक्सवर शाहीर कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे चेहरे मधोमध, त्यामुळे वरचा भाग आणि खालचा भाग यांची अदलाबदल झाली आहे म्हणायला हरकत नाही. कार्यक्रम झाला की फ्लेक्स कुडाच्या भिंतीला नाही तर कडब्याच्या गंजीवर जातो. तो जमवायला जागा लागते, पण सोडू नये. निदान लावलेल्या जागेसकट फोटो काढून ठेवावा. आताची पोस्टरं तर मोबाइलवरच निघतात आणि मोबाइलवरच विरतात. त्यांवर मुद्रकाची ओळ नसते. १८६७ चा तो कायदा आता रद्द झाला आहे; त्याच्या जागी आलेला नियतकालिकांचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. निवडणुकीच्या पत्रकांवर आणि पोस्टरांवर मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं अजूनही घालावीच लागतात.